आयत म्हणजे खूण: कुरआनचा अर्थ लावायची एक पद्धत, साध्या भाषेत

निवडणूक जवळ आली, सण आला किंवा कुठंतरी काही घडलं की व्हॉट्सॲपवर एक ठराविक मेसेज फिरायला लागतो. वर 'कुरआन ९:५' असा नंबर (नववा अध्याय, पाचवी ओळ), खाली एकच ओळ, 'त्यांना जिथं सापडतील तिथं ठार करा', आणि शेवटी 'आता तरी जागे व्हा'. मग त्याला उत्तर म्हणून दुसरीकडनं दुसरा मेसेज येतो, त्यातही एक नंबर आणि एकच ओळ, फक्त ती शांततेची असते. ग्रुपवर रात्रभर वाद चालतो आणि ज्या पुस्तकावरनं वाद चाललाय ते कुणी उघडलेलं नसतं. कोल्हापूरकरांना हे समजावून सांगायची गरज नाही, जून २०२३ मध्ये मोबाईलच्या स्टेटसवरनं इथं बंद झाला, दगडफेक झाली, इंटरनेट बंद पडलं, त्याचा कुरआनशी संबंध नव्हता पण एक फोटो आणि चार शब्द यांचा अर्थ कोण कसा लावतो यावर अख्खं शहर कसं वेठीला धरलं जातं ते आपण सगळ्यांनी बघितलं.

म्हणून हा विषय. एखाद्या ओळीचा अर्थ नेमका असतो कुठं? शब्दात, लिहिणाऱ्याच्या मनात, का वाचणाऱ्याच्या डोक्यात? या प्रश्नावर काम करणारं एक शास्त्र आहे आणि गेल्या साठ-सत्तर वर्षांत जपान, इजिप्त, अल्जेरिया अशा वेगवेगळ्या ठिकाणच्या अभ्यासकांनी ते कुरआन वाचायला वापरलंय. माझं म्हणणं असं की ही पद्धत विद्यापीठातच अडकून राहिली हे आपलं नुकसान आहे, कारण तिची खरी गरज फोन हातात असणाऱ्या माणसाला आहे.

चिन्हमीमांसा म्हणजे काय

या शास्त्राला सेमिऑटिक्स म्हणतात, मराठीत चिन्हमीमांसा. खुणा कशा काम करतात याचा अभ्यास, बस्स. आणि खूण म्हणजे फक्त पाटी किंवा सिग्नल नव्हे, शब्द, रंग, हातवारे, कपडे, शांत बसणं, सगळ्याच खुणा.

खासबाग मैदानात पैलवान मांडीवर थाप मारून शड्डू ठोकतो तेव्हा हजारो माणसांना त्याचा अर्थ एका क्षणात कळतो, आव्हान दिलं. तीच थाप, तोच आवाज, पण घरात बसल्या बसल्या कुणी मांडीवर मारली तर कुणी मान वर करून बघणार पण नाही. म्हणजे आव्हान त्या थापेत भरून ठेवलेलं नसतं, ते हौद्यातनं येतं, समोर उभ्या असलेल्या जोडीदारातनं येतं, आणि ही रीत माहीत असलेल्या प्रेक्षकांकडनं येतं, यातलं काहीही काढून घेतलं तर नुसता आवाज उरतो.

हेच फर्दिनांद द सोस्यूर या स्विस भाषाशास्त्रज्ञानं शब्दांबद्दल मांडलं. तो १९१३ ला वारला आणि १९१६ मध्ये त्याच्या वर्गातल्या टिपणांवरनं पुस्तक निघालं. त्याच्या मते प्रत्येक खुणेला दोन बाजू असतात, एक कानावर पडणारं रूप आणि दुसरी त्यानं मनात उभी राहणारी कल्पना, आणि शब्दाची किंमत ठरते ती आजूबाजूच्या इतर शब्दांवरनं. साधारण त्याच काळात अमेरिकेत चार्ल्स पर्स नावाचा विचारवंत म्हणत होता की दोन बाजू पुरेशा नाहीत, तिसरा पण धरा, खूण बघणाऱ्याच्या मनात उमटलेला अर्थ. तो अर्थ पुढं स्वतःच एक नवी खूण बनतो आणि साखळी चालू राहते. धर्मग्रंथाच्या बाबतीत ही साखळी लगेच दिसते: आधी आयत (कुरआनमधली ओळ), मग त्यावर भाष्य, भाष्यावर टीप, टिपेवरनं प्रवचन, प्रवचनाची क्लिप आणि शेवटी आपल्याकडं आलेला फॉरवर्ड. आपण फॉरवर्ड वाचतो आणि समजतो की आयत वाचली.

कुरआन स्वतःच खुणांबद्दल बोलतं

आता गंमत बघा, चिन्हमीमांसा कुरआनवर बाहेरनं आणून चिकटवायची गरजच पडत नाही. ज्याला आपण कुरआनची ओळ म्हणतो त्याला अरबीत 'आयत' म्हणतात आणि आयत म्हणजे खूण. शिवाय हा शब्द कुरआनमध्ये पुस्तकातल्या ओळीपेक्षा बाहेरच्या जगातल्या गोष्टींसाठीच जास्त येतो. रूम नावाच्या ३० व्या सूऱ्यात (सूरा म्हणजे अध्याय, असे एकूण ११४) ओळीनं यादीच आहे: तुम्हाला मातीपासून घडवलं ही त्याची एक खूण, तुमच्यातनंच जोडीदार दिले आणि दोघांत माया ठेवली ही खूण, रात्रीची झोप ही खूण, भीती आणि आशा दोन्ही दाखवणारी वीज ही खूण. याच यादीतली २२ वी आयत म्हणते की तुमच्या भाषा आणि तुमचे रंग वेगवेगळे असणं हीसुद्धा खूण आहे. ही आयत माझी आवडती आहे आणि ती फॉरवर्ड होऊन आलेली मी कधी बघितली नाही.

पर्सनं खुणांचे तीन प्रकार पाडले होते आणि तिन्ही इथं सापडतात. पहिला प्रकार, कारणावरनं किंवा मागं राहिलेल्या मागावरनं ओळखायची खूण, जसं चिखलात उमटलेलं पाऊल. सूरा ३६ मध्ये मेलेली जमीन पावसानं जिवंत होते आणि तिच्यातनं धान्य येतं ही खूण सांगितली आहे, आणि सूरा ३७ मध्ये मक्केच्या लोकांना सांगितलंय की नष्ट झालेल्या लोकांच्या वस्तीवरनं तुम्ही सकाळी आणि रात्रीही जाता, तरी तुम्हाला कळत नाही का? ते लोक व्यापारी होते, उंटांचे तांडे घेऊन त्याच वाटेनं जायचे, ते अवशेष त्यांच्या नजरेसमोरचे होते.

दुसरा प्रकार, साम्यावरनं कळणारी खूण, म्हणजे उपमा. याचा सगळ्यात सुंदर नमुना सूरा २४ ची ३५ वी आयत: अल्लाहच्या प्रकाशाची उपमा अशी, जणू एक कोनाडा, त्यात दिवा, दिवा काचेत, काच जणू चमकता तारा, आणि तो पेटतो बरकतीच्या जैतुनाच्या (ऑलिव्हच्या) तेलावर, ते झाड ना पूर्वेचं ना पश्चिमेचं, आणि तेल असं की आग लागायच्या आधीच उजळेल. प्रकाशावर प्रकाश. आणि याच आयतीत शेवटी सांगून टाकलंय की अल्लाह लोकांसाठी उपमा देतो, म्हणजे हे शब्दशः घ्यायचं नाही हे ती आयतच सांगते. इमाम गझालींनी (मृत्यू ११११) एवढ्या एका आयतीवर पुस्तिका लिहिली, कोनाडा म्हणजे इंद्रियं, काच म्हणजे कल्पनाशक्ती, दिवा म्हणजे बुद्धी, असं एकेक जुळवत नेलं. त्यांना सेमिऑटिक्स हा शब्द माहीत नव्हता पण काम तेच चाललं होतं.

तिसरा प्रकार, केवळ रिवाजानं ठरलेली खूण. शब्द सगळे यातच मोडतात, आणि सगळा वादही इथंच होतो.

शब्द एकटा नसतो

जपानचे तोशिहिको इझुत्सु (१९१४ ते १९९३) हे मुसलमान नव्हते, पण त्यांनी मूळ अरबीवरनं कुरआन जपानीत आणलं आणि १९६० च्या दशकात त्यातल्या मुख्य शब्दांवर जे काम केलं ते आजही सगळीकडं वाचतात. त्यांची पद्धत सांगायला सोपी आहे, करायला मेहनतीची. एखाद्या शब्दाचा अर्थ डिक्शनरीत बघायचा नाही, तो शब्द पूर्ण कुरआनमध्ये जिथं जिथं आलाय ती प्रत्येक जागा काढायची, प्रत्येक ठिकाणी त्याच्या शेजारी कोण बसलंय आणि त्याच्या विरुद्ध कोण उभं आहे ते बघायचं, आणि त्या सगळ्यातनं अर्थाचं जाळं तयार करायचं.

'काफिर' घ्या. हा शब्द आपल्याकडं शिवी म्हणून माहीत आहे. याच्या मुळाशी 'झाकणं' हा अर्थ आहे. सूरा ५७ च्या २० व्या आयतीत या जगाच्या आयुष्याला पावसाची उपमा दिली आहे, पाऊस पडला, पीक जोमात आलं, ते बघून शेतकरी खूश झाले, मग ते पिवळं पडलं आणि शेवटी त्याचा भुगा झाला. इथं शेतकऱ्यांसाठी जो शब्द वापरलाय तो 'कुफ्फार', काफिरचं अनेकवचन, कारण शेतकरी बी मातीत झाकतो. शिरोळ, करवीरमधल्या शेतकऱ्यानं हे नक्की वाचावं.

पुढं सूरा १४ च्या ७ व्या आयतीत बघा, कृतज्ञ राहिलात तर मी आणखी देईन आणि 'कुफ्र' केलंत तर माझी शिक्षा कडक आहे. इथं विरुद्ध उभा आहे 'शुक्र', म्हणजे उपकाराची जाण, मग कुफ्र म्हणजे केलेला उपकार झाकून टाकणं. आणि २६ व्या सूऱ्यात तर प्रसंगच आहे: फिरऔन, म्हणजे इजिप्तचा राजा, प्रेषित मूसांना म्हणतो, तुला लहानपणी आम्ही आमच्यात वाढवलं, कितीतरी वर्षं तू इथं राहिलास, आणि तरी तू तो प्रकार केलास, तू काफिर आहेस. प्रेषिताला काफिर कोण म्हणतंय? फिरऔन! अर्थ उघड आहे, कृतघ्न. आणि बऱ्याच ठिकाणी हाच शब्द 'ईमान' (म्हणजे श्रद्धा) च्या विरुद्ध येतो, तिथं त्याचा अर्थ न मानणारा, नाकारणारा असा होतो. इझुत्सुंनी दाखवलं ते हे, की उपकार नाकारण्यापासून देव नाकारण्यापर्यंत हा शब्द एका वाटेनं सरकला, पण जुना अर्थ पुसला गेला नाही, तो आत राहिला.

असंच 'करीम' चं. इस्लामपूर्व अरबांत करीम म्हणजे उच्च कुळातला आणि हात सैल सोडून खर्च करणारा. कुरआननं तोच शब्द घेऊन त्याचा शेजार बदलला, ४९:१३ म्हणते की अल्लाहजवळ तुमच्यातला सगळ्यात प्रतिष्ठित तो, जो सगळ्यात जास्त देवाला भिऊन वागतो. कुळ गेलं, दौलत गेली, फक्त वागणं उरलं.

मग त्या ९:५ चं काय

चला, फॉरवर्डमधली आयत आता शेजाऱ्यांसकट वाचू. ९ वा सूरा सुरू होतो तो करार संपल्याच्या जाहीर घोषणेनं, मुसलमानांनी ज्या अरब मुश्रिक टोळ्यांशी (मुश्रिक म्हणजे एका देवाबरोबर इतर दैवतंही मानणारे) तह केला होता त्यांच्याबद्दल, आणि त्यांना चार महिन्यांची मुदत दिली आहे. चौथी आयत म्हणते की ज्यांनी तह पाळला, तुमच्याविरुद्ध कुणाला मदत केली नाही, त्यांच्याशी तह मुदत संपेपर्यंत पाळा. मग पाचवी, ती 'ठार करा' वाली, आणि तिच्यातच पुढं त्यांनी पश्चात्ताप केला, नमाज आणि जकात (गरिबांसाठीचं ठरलेलं दान) सुरू केली तर वाट मोकळी करा असंही आहे. आणि सहावी? त्याच मुश्रिकांपैकी कुणी आसरा मागितला तर त्याला आसरा द्या, देवाचं म्हणणं ऐकू द्या, आणि मग त्याला सुरक्षित जागी पोचवा. तेराव्या आयतीत कारण आलंय, त्यांनी शपथा मोडल्या आणि कुरापत आधी त्यांनीच काढली. काळ आहे इसवी सन ६३० च्या आसपासचा, मक्केच्या लोकांशी झालेला हुदैबियाचा तह मोडला गेला आणि मक्का मुसलमानांच्या ताब्यात आलं, त्यानंतरचा.

मी इथं काही गोड करून सांगत नाही. पाचवी आयत युद्धाची आहे, कडक आहे, आणि शेजार वाचल्यावरही ती कडकच राहते. जुन्या भाष्यकारांतल्या काहींनी तर असंही मानलं की या आयतीनं आधीच्या समेटाच्या बऱ्याच आयती रद्द झाल्या, आणि इतरांनी ते मान्य केलं नाही, हा वाद हजार वर्षांचा आहे आणि तो लपवायचं कारण नाही. पण चौथी आणि सहावी कापून पाचवी एकटी दाखवणं हे वाचन नव्हे. आणि मला सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट ही की हिंसा करणाऱ्या संघटनाही तीच एक ओळ तशीच कापून वापरतात. ते आणि फॉरवर्ड बनवणारा, दोघांची वाचायची रीत एकच आहे.

'हे सगळं पाश्चात्यांचं खूळ आहे'

हा आक्षेप नेहमी येतो, आणि सोस्यूर, पर्स ही नावं ऐकली की तो यायचाच. पण आठव्या शतकातच मुकातिल इब्न सुलैमान यांनी कुरआनमधला एकच शब्द वेगवेगळ्या जागी कोणकोणते अर्थ घेतो यावर पुस्तक लिहिलं होतं. आणि अकराव्या शतकात, कॅस्पियन समुद्राजवळच्या गुरगानमध्ये, अब्दुल काहिर जुरजानी होऊन गेले. त्यांचं म्हणणं, सुटा शब्द चांगलाही नसतो आणि वाईटही नसतो, सगळी ताकद मांडणीत, ज्याला ते 'नज्म' म्हणतात. त्यांचं उदाहरण आहे म्हाताऱ्या प्रेषित झकरियांच्या प्रार्थनेचं, सूरा १९ मधलं, 'माझं डोकं पांढरेपणानं पेटलं'. जुरजानी विचारतात, 'डोक्यावरचे पांढरे केस पेटले' असं का नाही म्हटलं? शब्द तर तेच. मग सांगतात, 'घरात आग पेटली' म्हटलं तर ती एका कोपऱ्यातही असू शकते, पण 'घर आगीनं पेटलं' म्हटलं की काही शिल्लक राहिलं नाही. तसं इथं म्हातारपणानं अख्खं डोकं व्यापलंय. सोस्यूरच्या आठशे वर्षं आधीचं आहे हे.

आपल्या देशातही, उत्तर प्रदेशातल्या आझमगढचे हमीदुद्दीन फराही (१८६३ ते १९३०) यांनी प्रत्येक सूऱ्याला एक मध्यवर्ती सूत्र असतं आणि आयती त्याभोवती गुंफलेल्या असतात हे दाखवण्यात आयुष्य घालवलं. त्यांचे शिष्य अमीन अहसन इस्लाही यांनी त्यावर पूर्ण कुरआनचं उर्दू भाष्य लिहिलं.

'देवाच्या शब्दाला माणसाच्या भाषेचे नियम कशाला'

श्रद्धावानाचा हा आक्षेप प्रामाणिक आहे आणि त्याला प्रामाणिक उत्तर द्यायला हवं. इजिप्तचे नस्र हामिद अबू झैद (१९४३ ते २०१०) यांचं उत्तर असं होतं: संदेश पाठवणारा देव आहे हे मान्य, पण त्यानं पाठवला माणसांसाठी, माणसांच्या भाषेत, मग समजून घ्यायचा तर ती भाषा आणि ती ऐकणारी माणसं यांच्यातनंच जावं लागेल. कुरआनची १४:४ पण हेच म्हणते, प्रत्येक प्रेषित त्याच्या लोकांच्या भाषेतच पाठवला. अबू झैदना याची किंमत मोजावी लागली. १९९५ मध्ये कैरोच्या कोर्टानं त्यांना धर्मभ्रष्ट ठरवलं आणि त्यांचं लग्नच रद्द केलं, नवरा-बायको दोघं देश सोडून नेदरलँड्सला गेले. ते शेवटपर्यंत स्वतःला मुसलमानच म्हणवत राहिले.

अल्जेरियात जन्मलेले आणि पॅरिसमध्ये शिकवणारे मोहम्मद अरकून (१९२८ ते २०१०) यांनी आणखी एक गोष्ट पुढं आणली. कुरआन आधी ऐकलं गेलं, वाचलं नाही. साधारण २३ वर्षं, ६१० ते ६३२, थोडं थोडं, कधी मक्केत कधी मदिनेत, आणि ऐकणाऱ्यांना माहीत असायचं की 'ते लोक' म्हणजे कोण, 'त्या दिवशी' म्हणजे कधी. नंतर ते एका ठरलेल्या ग्रंथात बांधलं गेलं, आणि तिथं क्रम काळाचा ठेवलेला नाही, ढोबळमानानं लांब सूरे आधी आणि छोटे नंतर. म्हणजे आपल्या हातात शब्द आले पण बोलण्याचा प्रसंग मागं राहिला. तो प्रसंग शोधणं हे वाचणाऱ्याचं काम.

'मग ज्याला वाटेल तो अर्थ काढायचा का?'

अजिबात नाही, आणि हा गैरसमज या पद्धतीबद्दल सगळ्यात जास्त आहे. इझुत्सुंची पद्धत आठवा, तिथं प्रत्येक अर्थाला पुस्तकातनंच पुरावा द्यावा लागतो. व्याकरण आडवं येतं, शेजारची आयत आडवी येते, तोच शब्द इतर पन्नास ठिकाणी कसा आलाय ते आडवं येतं, त्या काळच्या अरबी कवितेतला वापर आडवा येतो. कुरआनचे जुने भाष्यकार इमाम तबरी (मृत्यू ९२३) एकेका आयतीवर आधीच्या लोकांची वेगवेगळी मतं कुणी सांगितली त्या नावांसकट मांडतात आणि मग यातलं कुठलं पटतं आणि का ते सांगतात. अर्थ अनेक असू शकतात पण कुठलाही चालत नाही.

आणि काही जागी हात टेकावे लागतात हे कुरआनलाही मान्य आहे. ३:७ म्हणते की काही आयती स्पष्ट आहेत, त्या पुस्तकाचा पाया, आणि काही संदिग्ध, ज्यांच्या मनात वाकडेपणा आहे ते संदिग्धच्या मागं लागतात. पुढचं वाक्य अरबीतल्या क्रमानं असं: त्याचा खरा अर्थ कुणालाच माहीत नाही अल्लाहशिवाय आणि ज्ञानात मुरलेले लोक म्हणतात आमचा यावर विश्वास आहे. आता थांबायचं कुठं? 'अल्लाहशिवाय' च्या नंतर थांबलात तर अर्थ फक्त देवाला माहीत. न थांबता 'आणि ज्ञानात मुरलेले लोक' पर्यंत गेलात तर अर्थ अभ्यासकांनाही माहीत. मूळ लिखाणात विरामचिन्हं नव्हती, नंतरच्या प्रतींत बारीक खुणा आल्या आणि बऱ्याच छापील प्रतींत 'अल्लाह' च्या पुढं थांब्याची खूण आहे. बहुसंख्य विद्वान तिथं थांबतात, काही थांबत नाहीत. एका श्वासाच्या जागेवर एवढा मोठा फरक!

शिवाय २९ सूरे नुसत्या सुट्या अक्षरांनी सुरू होतात, अलिफ, लाम, मीम अशा. त्यांचा अर्थ यावर आजवर एकमत नाही. कुणी म्हणतं देवालाच ठाऊक, कुणी म्हणतं की तुमच्याच अक्षरांतनं हे पुस्तक बनलंय हे दाखवायला ती आहेत. रूप आहे आणि त्याचा ठरलेला अर्थ नाही अशी खूण, आणि तरी चौदाशे वर्षं ती तशीच जपून म्हटली जाते.

'आम्हाला अरबी येत नाही, आम्ही काय करायचं'

मराठीत कुरआनचे अनुवाद आहेत आणि मिळतात. कोल्हापूरला तर याची जुनी परंपरा आहे, दसरा चौकातलं मुस्लिम बोर्डिंग शाहू महाराजांच्या पुढाकारानं १९०६ मध्ये सुरू झालेल्या मुस्लिम शिक्षणाच्या कामातनं उभं राहिलं, आणि कुरआन मराठीत यावं म्हणून महाराजांनी पैसाही दिला होता. आपल्या माणसांना आपल्या भाषेत वाचता आलं पाहिजे हा त्यांचा आग्रह होता.

अनुवाद वाचताना एवढं करा. नंबर आला की त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या पाच-सात आयती वाचा, 'ते', 'तुम्ही' हे शब्द कुणासाठी आलेत ते शोधा, आणि जमलं तर दोन वेगळ्या लोकांचे अनुवाद शेजारी ठेवा, कारण अनुवाद करणाऱ्यानंही एक अर्थ आधीच निवडलेला असतो. सुरुवातीला २६:१९ काढून बघा, एका अनुवादात फिरऔन मूसांना 'कृतघ्न' म्हणत असेल, दुसऱ्यात 'काफिर' तसाच ठेवलेला असेल, आणि चांगल्या अनुवादकानं खाली टीप दिलेली असेल की मी असं का केलं.